लघवीतलं प्रोटीन घरी तपासायच्या पट्ट्या: कुणी घ्याव्यात, कुठल्या घ्याव्यात, कुठं फसतात

नेफ्रोटिक सिंड्रोम, आयजीए नेफ्रोपॅथी किंवा ल्युपस नेफ्रायटिस या लघवीतून प्रोटीन गळणाऱ्या किडनीच्या आजारांपैकी एखादं निदान पक्कं झालं असेल, तर लघवी तपासायच्या पट्ट्यांची बाटली घरात असलीच पाहिजे. निदान झालेलं नाही, नुसती कंबर दुखते किंवा लघवी पिवळी होते म्हणून कुणी बाटली घेत असेल, तर त्यानं ती घेऊ नये. त्याऐवजी लॅबमध्ये एकदा लघवीची पूर्ण तपासणी आणि रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम घटलं की वाढणारा घटक) करून घ्यावं.

या परीक्षणात तीन गोष्टी घेतल्या आहेत. फक्त प्रोटीन आणि साखर दाखवणारी दोन चौकोनांची पट्टी (मेडिकलमध्ये युरिस्टिक्स म्हणून मिळते ती याच जातीची), दहा चौकोनांची पट्टी, आणि जुन्या पद्धतीचं सल्फोसॅलिसिलिक ॲसिडचं द्रावण. घरच्या वापरासाठी पाचपैकी गुण द्यायचे तर दोन चौकोनांच्या पट्टीला साडेचार, दहाच्या पट्टीला साडेतीन आणि ॲसिडला तीन. सांगली, मिरज, सातारा, कऱ्हाड इथल्या मोठ्या हॉस्पिटलांजवळच्या मेडिकलमध्ये पट्ट्या सहसा मिळतात. जत, आटपाडी, पाटणकडच्या लोकांनी मात्र फोन करून, बाटली शिल्लक आहे हे विचारूनच निघावं.

पट्टी कशाचा माग घेते हे कळल्याशिवाय तिचा आकडा वाचून उपयोग नाही, म्हणून थोडं किडनीच्या आत जावं लागेल. प्रत्येक किडनीत सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांना ग्लोमेरुलस म्हणतात. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला साधारण १८० लिटर पाणी गाळतात आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं परत रक्तात घेतात. गाळणीला तीन थर आहेत: रक्तवाहिनीचं सच्छिद्र अस्तर, मधला पातळ पडदा आणि बाहेरून त्याला बोटांसारखे पाय रोवून बसलेल्या पोडोसाइट पेशी. हे तिन्ही थर धड असले, तर २४ तासांच्या लघवीत १५० मिलिग्रॅमपेक्षा कमी प्रोटीन जातं.

रोगप्रतिकारक यंत्रणा किडनीवर उलटते तेव्हा मार बसतो तो बहुतेक वेळा या गाळणीला. ल्युपसमध्ये अँटिबॉडी आणि तिनं पकडलेला घटक यांचे गठ्ठे गाळणीत अडकतात. आयजीए नेफ्रोपॅथीत आयजीए जातीच्या अँटिबॉडी गाळणीच्या मधल्या भागात साठतात. स्ट्रेप्टोकॉकसचा घसा झाल्यावर एक ते तीन आठवड्यांनी, आणि चिघळलेल्या खरजेनंतर तीन ते सहा आठवड्यांनी, काही मुलांना असाच त्रास होतो. ऊसतोडीच्या कोप्यांवरच्या मुलांच्या अंगावरची खरूज म्हणूनच नुसती त्वचेची गोष्ट समजू नये.

पण गठ्ठा साठला म्हणजे लगेच गाळणी फाटली असं होत नाही. फाडतो तो त्यानंतरचा दाह. साठलेल्या अँटिबॉडींमुळे रक्तातली कॉम्प्लिमेंट प्रथिनं कामाला लागतात. त्यांतला सी५ए हा तुकडा पांढऱ्या पेशींना बोलावतो, आणि सी५बी-९ हा संच पेशींच्या आवरणावर थेट हल्ला करतो. आलेले न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज पडदा कुरतडणारी एन्झाइम तिथंच सोडतात. पडद्याला भोक पडलं की तांबड्या पेशी आणि प्रोटीन लघवीत उतरतं. दाह जोराचा असला तर फायब्रिन (रक्त गोठताना बनणारे धागे) बाहेर सांडतं, त्याभोवती पेशींची चंद्रकोर तयार होते आणि ती गाळणीला बाहेरून आवळते. अशा चंद्रकोरी जास्त असतील तर किडनी काही आठवड्यांत निकामी होऊ शकते. दाह दीर्घकाळ रेंगाळला तर त्या जागी व्रण, म्हणजे भरून आलेल्या जखमेसारखी कायमची खूण, धरतो. पोडोसाइट पेशी एकदा गेल्या की त्यांची भरपाई जवळजवळ होत नाही. एवढंच नाही, गळालेलं प्रोटीन पुढच्या नलिकांनाही चिडवतं आणि तिथं दुसरा दाह सुरू होतो. म्हणून प्रोटीन कमी करणं हा स्वतंत्र उपचार आहे, नुसता रिपोर्ट सुधारण्याचा खटाटोप नाही.

पट्टीला यातला दाह दिसत नाही. तिला दिसतं ते फक्त गळून आलेलं अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं मुख्य प्रोटीन. ही बाब नीट ध्यानात घेतली तर पट्टीवरून होणारे निम्मे गैरसमज टळतील. प्रोटीन २+ वरून १+ वर, म्हणजे एक टप्पा खाली, आलं याचं कारण दाह ओसरला हे असू शकतं, किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिलसारख्या गोळीनं गाळणीतला दाब उतरला एवढंच असू शकतं, किंवा त्या दिवशी पाणी जास्त प्यायलं होतं एवढंच. उलट बाजूनं, दाह पूर्ण शांत झाल्यावरही व्रण धरलेल्या गाळण्यांतून १+ कायम येत राहू शकतं. अशा पेशंटला पट्टी बघून स्टेरॉइड वाढवून देणं म्हणजे फायदा शून्य आणि साखर, हाडं, जंतुसंसर्ग यांचा धोका पदरात. दाह आहे की व्रण, हे लघवीची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी, रक्तातल्या सी३-सी४ (कॉम्प्लिमेंट प्रथिनं) आणि अँटि-डीएसडीएनए (ल्युपसमधली अँटिबॉडी) या तपासण्या आणि शेवटी बायॉप्सी (किडनीचा छोटा तुकडा काढून पाहणं) सांगते.

एक आजार मात्र पट्टीच्या अगदी सोयीचा आहे: लहान मुलांतला नेफ्रोटिक सिंड्रोम. त्यातल्या बहुसंख्य मुलांत गाळणी साध्या सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ नॉर्मल दिसते, दाहाच्या पेशी आढळत नाहीत, बिघाड पोडोसाइटच्या पायांत असतो आणि गळतं ते मुख्यतः अल्ब्युमिन. पट्टीला नेमकं तेच कळतं. डोळे सुजून मूल सकाळी उठेपर्यंत थांबायची गरज राहत नाही, कारण पट्टी बहुधा सूज यायच्या आधीच हिरवी होते, म्हणजे प्रोटीन दाखवते.

दोन चौकोनांची पट्टी

प्रोटीनच्या चौकोनात टेट्राब्रोमोफिनॉल ब्लू हा रंग असतो आणि तो पीएच ३ वर बांधून ठेवलेला असतो. अल्ब्युमिन चिकटलं की पिवळ्याचा हिरवा आणि मग निळसर हिरवा होतो. बाटलीवरच्या तक्त्यात साधारण असे टप्पे असतात: १+ म्हणजे १०० मिलिलिटर लघवीत ३० मिलिग्रॅम, २+ म्हणजे १००, ३+ म्हणजे ३००. त्यावरचा टप्पा कंपनीगणिक बदलतो, म्हणून दुसऱ्या कंपनीची बाटली आणली तर जुन्या वहीतल्या ४+ शी तिची तुलना करू नये.

हा आकडा दाटपणाचा आहे, एकूण प्रोटीनचा नाही. दिवसाला एक ग्रॅम प्रोटीन जाणारा माणूस एक लिटर लघवी करत असेल तर १०० मिलिलिटरमागे १०० मिलिग्रॅम येतात, म्हणजे २+. तोच माणूस तीन लिटर लघवी करू लागला तर ३३ मिलिग्रॅम, म्हणजे १+. आजार तिळभरही बदललेला नाही. एप्रिलमध्ये द्राक्षबागेत दिवसभर राबून संध्याकाळी तपासलेली दाट लघवी आणि जुलैत घरी बसून तपासलेली लघवी यांची तुलना म्हणूनच होऊ शकत नाही. यावर उपाय एकच: दरवेळी सकाळी उठल्याउठल्या पहिली लघवी. ती रात्रभर साठलेली, साधारण सारख्या दाटपणाची असते. शिवाय काही किशोरवयीन मुलांत उभं राहिल्यावरच प्रोटीन येतं आणि झोपून उठल्यावर येत नाही, तो घोळही पहिल्या लघवीनं सुटतो. झोपताना मात्र मूत्राशय रिकामं केलेलं हवं.

तपासायची रीत. भांडं कोरडं आणि स्वच्छ, नुसत्या पाण्यानं खळबळून वाळवलेलं. सॅव्हलॉन किंवा तसल्या जंतुनाशकानं धुतलेलं भांडं वापरलं तर प्रोटीन खोटं वाढलेलं दिसतं, कारण त्यातलं क्लोरहेक्झिडिन आणि सेट्रिमाइड रंगावर परिणाम करतं. सुरुवातीची थोडी लघवी सोडून मधली धरावी. बाटलीतून एकच पट्टी काढावी, चौकोनांना बोट लावू नये, आणि झाकण तिथल्या तिथं घट्ट लावावं, तपासणी झाल्यावर नाही. पट्टी लघवीत बुडवून लगेच बाहेर, एका सेकंदापेक्षा जास्त नाही. जास्त वेळ ठेवली तर चौकोनातला बफर धुतला जातो आणि रंग विनाकारण हिरवा होतो. बाहेर काढताना पट्टीची कड भांड्याच्या काठावर ओढून जादा लघवी निथळावी, मग पट्टी आडवी धरावी. उभी धरली तर एका चौकोनातलं पाणी दुसऱ्यात उतरतं. साखर ३० सेकंदांनी, प्रोटीन ६० सेकंदांनी वाचायचं, मोबाइलवर वेळ लावूनच. बाथरूमच्या पिवळ्या दिव्याखाली १+ आणि २+ मधला फरक कळत नाही. खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात, पट्टी तक्त्याच्या अगदी शेजारी धरून पाहावं. दोन मिनिटांनी दिसणारा रंग वहीत लिहायचा नाही.

लघवी धरल्यापासून तासाभरात तपासावी. तशीच राहिली तर जंतू वाढतात, लघवी अल्कधर्मी होते, आणि पीएच ८ च्या वर गेला की प्रोटीन नसतानाही चौकोन हिरवा होतो. ताप, जोराचा व्यायाम, लांबची चाल यांनंतर एखादा दिवस १+ किंवा २+ येऊन आपोआप उतरतं, त्यामुळे एका दिवसाच्या आकड्यावरून औषध बदलू नये. नेफ्रोटिक मुलांसाठी भारतातल्या डॉक्टरांचा नियम स्पष्ट आहे: लागोपाठ तीन सकाळी ३+ किंवा ४+ आलं तर आजार उलटला, लागोपाठ तीन सकाळी निल (प्रोटीन नाही) किंवा ट्रेस (१+ पेक्षाही कमी, नुसती चाहूल) आलं तर आटोक्यात. सर्दी-खोकल्यात मुलाची लघवी रोज तपासावी, कारण आजार उलटायला हेच सगळ्यात नेहमीचं निमित्त असतं. पाळीच्या दिवसांत तपासू नये, रक्त मिसळून प्रोटीनचा आकडा बिघडतो.

साखरेच्या चौकोनाविषयी एक इशारा. आयजीए नेफ्रोपॅथी आणि दीर्घकालीन किडनी आजारात हल्ली डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या देतात. त्या साखर मुद्दाम लघवीवाटे बाहेर काढतात. त्यामुळे डायबेटिस नसलेल्याचाही चौकोन गडद होतो, आणि घरचे घाबरून गोळी बंद करतात. ती गोळी काम करत असल्याचीच ती खूण आहे. स्टेरॉइड घेणाऱ्याच्या बाबतीत मात्र हाच गडद चौकोन गांभीर्यानं घ्यावा आणि रक्तातली साखर लगेच पाहावी.

ऊन, ओल आणि बाटली

पट्ट्या १५ ते ३० अंशांत ठेवायच्या असतात. सांगलीत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि पत्र्याच्या घरात त्याहून वर जातो. बाटली आतल्या खोलीत, खालच्या फडताळात, भिंतीतल्या कपाटात ठेवावी. फ्रिजमध्ये नको, बाहेर काढल्यावर आत बाष्प धरतं. फ्रिजवर तर मुळीच नको, तिथं गरम असतं. मोटारसायकलच्या डिकीत गावापर्यंत नेलेली बाटली एका दुपारीच खराब होऊ शकते. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे प्रश्न उलटा आहे: पावसाळ्यात हवेतली ओल. झाकणातली किंवा बाटलीतली ओल शोषणारी पुडी काढून टाकू नये. न वापरलेल्या पट्टीचा प्रोटीनचा चौकोन तक्त्यातल्या 'निगेटिव्ह'शी जुळला पाहिजे. तो आधीच हिरवट दिसत असेल तर बाटली टाकून द्यावी.

काही कंपन्या बाटली उघडल्यापासून तीन महिन्यांत संपवायला सांगतात. उघडल्याची तारीख लेबलवर पेननं लिहावी. आठवड्यातून तीन वेळा तपासलं तर तीन महिन्यांत चाळीसच्या आसपास पट्ट्या लागतात, म्हणजे ५० ची बाटली बेताची. शंभरची स्वस्त पडते म्हणून घेतली तर ती जवळजवळ आठ महिने चालेल आणि शेवटच्या पट्ट्यांचा भरवसा राहणार नाही. दोन कुटुंबांनी मिळून शंभरची घेणं, आणि निम्म्या पट्ट्या प्लॅस्टिकच्या डबीत भरून देणं, हेही चुकतं. डबीत ओल शोषणारं काही नसतं. पट्टी उभी चिरून एकीच्या दोन करणारेही आहेत. कापलेल्या कडेनं लघवी कागदात वेगळ्या वेगानं शिरते आणि रंग डागाडागांनी येतो. पैसे वाचवायचे असतील तर आजार शांत असताना डॉक्टरांना विचारून आठवड्यातून एकदाच तपासावं.

दहा चौकोनांची पट्टी

हिला एक गुण कमी देण्याचं कारण तिचा दर्जा नाही, घरातला गोंधळ आहे. नेफ्रोटिक मुलाच्या आईवडिलांना दहांपैकी आठ चौकोनांचा उपयोग नाही, आणि कुठलातरी एक चौकोन रंगलेला दिसला की रात्रभर झोप नाही. पण आयजीए नेफ्रोपॅथी, ल्युपस आणि रक्तवाहिन्यांचा दाह असलेल्यांनी हीच घ्यावी, त्यातल्या रक्ताच्या चौकोनासाठी. या आजारांत प्रोटीन थोडंच असून रक्त वाढणं ही दाह पुन्हा जागा झाल्याची पहिली खूण असू शकते.

रक्ताचा चौकोन हिमोग्लोबिनच्या रासायनिक गुणावर चालतो. अखंड तांबड्या पेशी असतील तर हिरवे ठिपके दिसतात, पेशी फुटलेल्या असतील तर सगळा चौकोन सारखा हिरवा होतो. स्नायू चेंगरल्यावर येणारं मायोग्लोबिनही तसाच रंग देतं. ब्लीचिंग पावडरनं धुतलेलं भांडं आणि बेटाडिन यांनी खोटं रक्त दिसतं. याच्या उलट, व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसनं खरं रक्तही दिसत नाही. पट्टी वापरायची असेल तर चघळायच्या सीच्या गोळ्या आदल्या दिवशी बंद ठेवाव्यात. आयजीए नेफ्रोपॅथीत घसा दुखू लागल्यावर एक-दोन दिवसांतच लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची होते, आठवडे जात नाहीत. हा फरक डॉक्टरांना सांगितला तर निदानाला मदत होते.

दहाच्या पट्टीतला पांढऱ्या पेशींचा चौकोन दोन मिनिटांनी वाचायचा असतो. नायट्राइटचा (जंतुसंसर्गाची खूण देणारा) चौकोन निगेटिव्ह, कल्चरमध्ये जंतू नाहीत, तरी पांढऱ्या पेशी सारख्या येत असतील, तर परस्पर अँटिबायोटिक घेऊ नये. किडनीच्या आतल्या दाहातही त्या येतात. विशिष्ट गुरुत्वाचा चौकोन तेवढा घरी उपयोगाचा: १.००५ च्या आसपास असेल तर लघवी पाण्यासारखी पातळ आहे आणि प्रोटीनच्या 'निल'वर विसंबू नये.

सल्फोसॅलिसिलिक ॲसिड

काचेच्या नळीत दोन मिलिलिटर निवळ लघवी आणि तेवढंच ३ टक्के द्रावण मिसळायचं. गढूळपणा आला नाही तर निल. गढूळ, पण नळीमागचा छापील मजकूर वाचता येतो तर १+. काळ्या रेघा दिसतात पण अक्षरं लागत नाहीत तर २+. कणीदार चोथा ३+, घट्ट गोळे ४+. खर्च अगदी थोडा आणि ऊन-ओलीची फारशी फिकीर नाही, त्यामुळे दुर्गम गावातल्या नेफ्रोटिक मुलासाठी अजूनही चांगला पर्याय. लघवी आधीच गढूळ असेल तर गाळून किंवा निवळून घ्यावी. पेनिसिलिनचे मोठे डोस आणि सीटी स्कॅनच्या वेळी शिरेतून दिलेलं औषध यांनी खोटा गढूळपणा येतो. या द्रावणाचा एक गुण पट्टीत नाही: अल्ब्युमिनशिवायची प्रथिनंही यात उतरतात. साठीच्या माणसात पट्टीवर ट्रेस आणि ॲसिडमध्ये ३+ आलं, तर मायलोमातली (अस्थिमज्जेच्या कॅन्सरमधली) लाइट चेन प्रथिनं असू शकतात. त्या पेशंटला त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे पाठवावं. द्रावण मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवावं.

पट्टी गप्प बसते तेव्हा

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. रोगप्रतिकारक यंत्रणेचा दाह दरवेळी गाळणीतच होतो असं नाही. ॲक्युट इंटरस्टिशियल नेफ्रायटिसमध्ये टी-पेशी आणि इतर पांढऱ्या पेशी नलिकांच्या मधल्या जागेत शिरतात. गाळणी शाबूत असते, म्हणून अल्ब्युमिन फारसं गळत नाही. पट्टी निल किंवा ट्रेस दाखवते आणि क्रिएटिनिन मात्र चढत असतं. कारण बहुधा औषध असतं: दुखण्याच्या गोळ्या, काही अँटिबायोटिक, आणि पित्तासाठी महिनोन्‌महिने घेतलेल्या ओमेप्राझोल-पँटोप्राझोलसारख्या गोळ्या. ताप, पुरळ, सांधेदुखी ही पुस्तकी लक्षणं पुष्कळदा नसतातच. औषध लवकर बंद केलं तर किडनी सावरते. आठवडे गेले तर मधल्या जागेत व्रण धरतो.

कॅन्सरवर निव्होलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅबसारखी इम्युनोथेरपी चालू असलेल्यांनी तर घरच्या पट्टीच्या भरवशावर मुळीच राहू नये. ही औषधं टी-पेशींवरचा ब्रेक काढून घेतात. मोकळ्या सुटलेल्या टी-पेशी किडनीवर आल्या तर बायॉप्सीत बहुतेक वेळा हाच इंटरस्टिशियल नेफ्रायटिस सापडतो. सोबत पित्ताच्या गोळ्या चालू असतील तर धोका वाढतो. अशा पेशंटनं प्रत्येक डोसच्या आधी रक्तातलं क्रिएटिनिन करून घ्यावं आणि आधीचा आकडा शेजारी ठेवून पाहावा. ०.८ चं १.३ झालं तर लॅबच्या कागदावर ते कदाचित नॉर्मलच्या काठावर दिसेल, पण किडनीचं काम बरंच घटलेलं असतं.

सांगली हळदीचं गाव, तेव्हा इथं हेही सांगायला हवं. भाजीतल्या हळदीला काही हरकत नाही. पण दाहावर उपाय म्हणून हळदीची कॅप्सूल किंवा चमचाचमचा पूड घेऊन स्टेरॉइड किंवा मायकोफेनोलेटसारखं प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सोडणं घातक आहे. हळदीत ऑक्झॅलेट भरपूर असतं आणि मोठ्या मात्रेत ते किडनीत साठू शकतं.

लॅबमध्ये काय मागावं

पट्टी १+ च्या वर टिकून राहिली तर लॅबमध्ये प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो, म्हणजे यूपीसीआर करावा. तो दाटपणाचा घोळ काढून टाकतो. मोठ्या माणसात ०.२ च्या आत नॉर्मल, ३.५ च्या वर नेफ्रोटिक पातळी. काही लॅब हाच आकडा मिलिग्रॅम प्रति ग्रॅममध्ये देतात, तेव्हा ०.५ चे ५०० दिसतात. आजार हजारपटीनं वाढला असं समजून लोक हवालदिल होतात, म्हणून आधी एकक वाचावं. ल्युपस आणि आयजीए या दोन्हींत उपचाराचं उद्दिष्ट साधारण ०.५ च्या खाली नेण्याचं असतं.

सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी ताज्या लघवीचीच हवी. जतहून एसटीनं पिशवीतून आणलेल्या बाटलीत वाकड्यातिकड्या तांबड्या पेशी आणि त्यांचे नलिकेच्या आकाराचे साचे, म्हणजे रेड सेल कास्ट, विरून गेलेले असतात. गाळणीतला दाह दाखवणारी लघवीतली सगळ्यात भक्कम खूण तीच. नमुना मिरजेत पोचल्यावर लॅबमध्येच द्यावा आणि दोन तासांच्या आत पाहायला सांगावं. त्यासाठी दिवसाची दुसरी लघवी चालते.

पट्टीचा आकडा काहीही असो, पुढच्या गोष्टींत घरी थांबू नये: चहाच्या रंगाची लघवी, दिवसभरात ४०० मिलिलिटरपेक्षा कमी लघवी, १४०/९० च्या वर टिकून राहिलेलं बीपी (मुलांत वयाप्रमाणे आकडा याहून कमी), धाप. नेफ्रोटिक मुलाला ताप आणि पोटदुखी एकत्र आली तर पोटाच्या आवरणाला जंतुसंसर्ग असू शकतो. एकच पाय सुजून दुखू लागला तर रक्ताची गुठळी. या आजारात गुठळी रोखणारी प्रथिनंही लघवीतून निघून जातात, म्हणून हा धोका खरा आहे.

वहीत चार रकाने पुरतात: तारीख, प्रोटीन, सकाळचं वजन, बीपी. शेजारी ताप, सर्दी, बदललेलं औषध याची नोंद. तपासणीला जाताना वहीबरोबर पट्ट्यांची बाटलीही पिशवीत, उन्हापासून जपून न्यावी. लॅबला दिलेल्याच नमुन्यात घरची पट्टी बुडवून दोन्ही आकडे शेजारी लिहिले की ती बाटली विश्वासाची आहे की नाही ते कळतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात सांगलीचे रस्ते बंद झाले होते. नदीकाठच्या कुटुंबांनी जुलै लागण्याआधी पंधरा दिवस पुरेल इतकं स्टेरॉइड आणि निदान दहा पट्ट्या मूळ बाटलीतच, वरच्या मजल्यावर ठेवाव्यात. बरेच आठवडे चालू असलेलं स्टेरॉइड एकाएकी तुटलं तर बीपी कोसळू शकतं, आणि तेव्हा बोट येईपर्यंत वाट पाहण्याइतका वेळ नसतो.